दिवाणखान्यातील संगणक आणि शांततेचा हिशेब

घरातील करमणुकीची साधने गेल्या पंचवीस वर्षांत ज्या वेगाने बदलली, त्या वेगाने घरातील दुसरे क्वचितच काही बदलले असेल. व्हीसीआर गेला, व्हीसीडी आली. ती रुळते न रुळते तोच डीव्हीडीने तिची जागा घेतली. आज भिंतीवरचा दूरचित्रवाणी संच थेट इंटरनेटला जोडलेला असतो आणि बोटाच्या एका स्पर्शासरशी चित्रपट सुरू होतो. अशा काळात दिवाणखान्यात स्वतंत्र संगणक ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. लग्नाची व्हिडिओ कॅसेट, मुलांच्या बारशाचे चित्रण, आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, मराठी नाटकांच्या व्हीसीडी, नाट्यसंगीताच्या सीडी, हजारो छायाचित्रे! यांपैकी घरातले चित्रण आणि आवाज कोणत्याही कंपनीच्या ‘मासिक वर्गणी’त मिळत नाहीत. ज्यांचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले, जे आज नागपूर तर उद्या भुवनेश्वर, आज पुणे तर परवा कोईमतूर असे फिरत राहिले, त्यांच्या घरात तर हा संग्रह म्हणजे गावाकडचा एक तुकडाच असतो. हा सारा ऐवज एका ठिकाणी सुरक्षित ठेवावा आणि हवा तेव्हा मोठ्या पडद्यावर पाहावा, यासाठी जो संगणक दूरचित्रवाणी संचाला कायमचा जोडून ठेवतात, त्याला ‘होम थिएटर पीसी’ असे म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ साली विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती याच हेतूने काढली होती. पुढे २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून ती सोय वगळण्यात आली; परंतु पूर्वी एक्सबीएमसी या नावाने ओळखली जाणारी आणि २०१४ पासून ‘कोडी’ हे नाव धारण केलेली विनामूल्य प्रणाली तेच काम उत्तम रीतीने करते. सॉफ्टवेअरची चिंता त्यामुळे फारशी उरलेली नाही. चिंता उरते ती निराळीच. अभ्यासिकेत जो संगणक मुळीच खटकत नाही, तोच दिवाणखान्यात आणला की त्याची घरघर ऐकू येऊ लागते. गायकाने आलापीला आरंभ करावा, मागे तंबोरा झंकारत असावा आणि त्या तंबोऱ्यातच संगणकाच्या पंख्याचा बेसूर मिसळावा, यासारखा रसभंग दुसरा नाही. शेजारच्या खोलीत कोणी अभ्यास करीत असेल किंवा वयस्कर व्यक्तीचा नुकता डोळा लागला असेल, तर हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही.

या घरघरीवरचा उपाय बराचसा एका दुर्लक्षित वस्तूत दडलेला आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाचा डबा. बाजारात त्याला ‘कॅबिनेट’ म्हणतात. प्रोसेसर किती वेगवान, मेमरी किती, याची चौकशी आपण तासन्‌तास करतो आणि कॅबिनेट मात्र दुकानदार देईल ते घेतो. माफक खर्चात शांत कॅबिनेट कसे निवडावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आवाज येतो कोठून?

संगणकाच्या आवाजाचे मुख्य उगम चार. पहिला, कॅबिनेटचे पंखे. दुसरा, प्रोसेसरवरचा पंखा. तिसरा, वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमधला पंखा. आणि चौथा, हार्ड डिस्कची फिरती तबकडी व तिच्यामुळे पत्र्यात उतरणारी थरथर. यांतील पहिले तीन उगम पंख्यांचे आहेत आणि पंखे फिरतात ते उष्णता बाहेर काढण्यासाठी. म्हणजेच आवाज हे लक्षण आहे, मूळ दुखणे उष्णतेचे आहे. उष्णता कमी निर्माण होईल आणि निर्माण झालेली सहज बाहेर जाईल अशी व्यवस्था केली, की आवाज आपोआप कमी होतो. डब्याला आतून जाड स्पंज चिकटवून आवाज कोंडण्याचा प्रयत्न केल्यास उष्णताही कोंडते, पंखे अधिक जोराने फिरू लागतात आणि खर्च करून आपण होतो तेथेच येतो.

पंखाच नको, असा टोकाचा विचारही पूर्वी होऊन गेला आहे. ॲपल कंपनीने २००० साली ‘पॉवर मॅक जी-४ क्यूब’ नावाचा देखणा संगणक बाजारात आणला. त्यात थंडाव्यासाठी पंखा नव्हता. मधल्या पोकळीतून गरम हवा वर जावी आणि खालून थंड हवा आत यावी, अशी धुराड्याच्या तत्त्वावर त्याची रचना होती. रचनेचे कौतुक झाले, तथापि किंमत जड गेली आणि २००१ मध्येच त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. त्यानंतर २००५ साली अँटेक कंपनीने ‘पी-१८०’ हे कॅबिनेट काढले. संगणकाच्या शांततेला वाहिलेल्या ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’चे माइक चिन यांचा त्याच्या आखणीत सहभाग होता. एसएमपीएससाठी तळाशी वेगळा कप्पा आणि ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या बाजू ही त्याची वैशिष्ट्ये. एसएमपीएस तळाशी बसवण्याची पद्धत आज साध्या कॅबिनेटमध्येही दिसते.

डेसिबलचे गणित

आवाजाचे माप डेसिबलमध्ये देतात. हे माप आपल्या नेहमीच्या बेरजेच्या गणिताने चालत नाही. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र लावले तर आवाजाचा आकडा दुप्पट न होता केवळ ३ डेसिबलने वाढतो. दुसरीकडे, आकडा १० डेसिबलने वाढला की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शयनगृहात शांत झोपेसाठी सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. आपल्या देशातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. अर्थात ती घराबाहेरच्या वातावरणासाठी.

आता पंख्याकडे वळू. पंख्याचा वेग निम्मा केला तर तो ढकलत असलेली हवाही निम्मी होते. परंतु आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे. हवा निम्मी होऊनही पुरेशी राहावी यासाठी पंखा आकाराने मोठा हवा. म्हणून ८० मिलिमीटरचे दोन पंखे गरागरा फिरवण्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा एकच पंखा संथपणे फिरवणे केव्हाही श्रेयस्कर.

‘पुरेशी हवा’ म्हणजे किती, हेही मोजता येते. १०० वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि आतील हवा खोलीतील हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, असे ठरवले तर दर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा खेळती राहावी लागते. पंख्यांच्या खोक्यावर ‘सीएफएम’ असे एक माप छापलेले असते. त्या मापात ही हवा सुमारे १८ भरते. १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या हवेत याच्या दुपटीहून अधिक हवा देतो. जाळी व तारांचा अडथळा धरला तरी संथ फिरणारा एक पंखा हे काम निभावतो. शिवाय चित्रपट दाखवताना, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला आजचा संगणक १०० वॅट घेतच नाही. बहुधा ३० ते ६० वॅटमध्ये त्याचे काम भागते. तेव्हा पुढे तीन, वर दोन आणि मागे एक असे सहा रंगीत दिव्यांचे पंखे लावलेले कॅबिनेट खेळाडू तरुणांना शोभेल, दिवाणखान्याला त्याची गरज नाही.

मापे आधी, दुकान नंतर

कॅबिनेट विकत घेण्यापूर्वी घरातील एक मोजपट्टी घेऊन टीव्हीच्या कपाटाशी जावे. कप्प्याची रुंदी, उंची आणि विशेषतः खोली मोजावी. केबलच्या पिना मागे ५ ते ७ सेंटिमीटर जागा खातात, ती कप्प्याच्या खोलीतून वजा करावी. दोन्ही बाजूंना व वर बोटभर तरी मोकळी जागा राहावी.

त्यानंतर मदरबोर्डचा आकार ठरवावा. पूर्ण एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिलिमीटरचा आणि व्हिया कंपनीने २००१ साली आणलेला मिनी-आयटीएक्स अवघा १७० × १७० मिलिमीटरचा असतो. आपल्या कामासाठी मायक्रो-एटीएक्स हा मध्यम मार्ग सोयीचा. त्याचे मदरबोर्ड सहसा मिनी-आयटीएक्सपेक्षा स्वस्त पडतात आणि त्याला सामावणारी कॅबिनेटे सर्वत्र मिळतात.

दिवाणखान्यासाठी खास आडवी कॅबिनेटे मिळतात. सिल्व्हरस्टोन कंपनीची ‘ग्रँडिया’ मालिका, फ्रॅक्टल डिझाइनचे ‘नोड’ ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ती ॲम्प्लिफायरसारखी दिसतात आणि शोभतातही. मात्र ‘नोड २०२’सारख्या कॅबिनेटची जाडी केवळ ८२ मिलिमीटर असते. इतक्या सडपातळ डब्यात नेहमीचा १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच एसएमपीएस बसत नाही. ‘एसएफएक्स’ प्रकारचा लहान एसएमपीएस घ्यावा लागतो व तो महाग असतो. प्रोसेसरवरचा पंखाही बुटका निवडावा लागतो आणि बुटक्या पंख्याला तेच काम करण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते. सौंदर्याची किंमत अशी दोनदा मोजावी लागते. एकदा रुपयांत आणि एकदा आवाजात.

याउलट, साधे उभे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट टीव्हीच्या कपाटाशेजारी, जमिनीपासून थोडे वर, लहानशा चौरंगावर ठेवले तर ते मोकळा श्वास घेते. लांब एचडीएमआय केबल घेऊन त्याला बैठकीपासून आणखी दूर नेता आले तर उत्तमच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परततो, म्हणून लाभ थोडा कमी मिळतो. पण तो केवळ एका केबलच्या खर्चात मिळतो.

कपाटातच ठेवायचे असेल तर काचेचे दार बंद करून संगणक चालवू नये. बंद कप्प्यात तीच ती तापलेली हवा पुनःपुन्हा आत ओढली जाते आणि उत्तम कॅबिनेटही तेथे हतबल ठरते. सुताराकडून मागच्या प्लायवुडला तळहाताएवढ्या दोन खिडक्या पाडून घ्याव्यात. एक खाली, एक वर. गरम हवा वरच्या खिडकीने आपण होऊन निघून जाते.

पत्रा, जाळी आणि रबर

कॅबिनेट हाताळून पाहण्यासारखी वस्तू आहे. स्वस्त डब्यांचा पत्रा इतका पातळ असतो की बोटाने दाबल्यास लवतो आणि टिचकी मारल्यास वाजतो. असा पत्रा हार्ड डिस्कची थरथर मृदंगाच्या पुडीप्रमाणे मोठी करून ऐकवतो. सुमारे ०.७ मिलिमीटर किंवा त्याहून जाड पत्रा असेल तर हा त्रास बराच कमी होतो. बाजूचे झाकण काढून पुन्हा लावून पाहावे. ते खडखडता कामा नये. कडा हाताला कापणाऱ्या नसाव्यात.

पुढील बाजू नीट पाहावी. काचेचे किंवा प्लास्टिकचे गुळगुळीत मुखपृष्ठ दिसायला सुरेख, पण हवा आत जायला वाट नसेल तर आतील पंखा शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करतो. बारीक छिद्रांची जाळी असलेले मुखपृष्ठ अधिक बरे. जाळीच्या आत काढून धुता येईल असे धूळरोधक असावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवली, तर धूळ फटीफटींतून आत ओढली जात नाही. ती धूळरोधकावरच अडते. यासाठी पुढे एक मोठा पंखा आणि मागे त्याहून संथ फिरणारा एक, ही व्यवस्था पुरेशी ठरते.

फिरती हार्ड डिस्क थेट पत्र्याला स्क्रूने आवळण्याऐवजी मध्ये रबराचे वॉशर घालावेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली एसएसडीवर ठेवणे. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे ती निःशब्द असते. मोठ्या संग्रहासाठी हार्ड डिस्क लागली तरी गरज नसताना ती थांबून राहील अशी सोय संगणकात करता येते. व्हीसीडी-डीव्हीडींचा संग्रह असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बहुतेक नव्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हसाठी जागा नसते. केवळ त्यासाठी जुन्या धाटणीचे कॅबिनेट शोधत बसू नये. यूएसबीने जोडता येणारा बाह्य ड्राइव्ह घेऊन सर्व तबकड्या एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. आणि त्या संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या ठिकाणी अवश्य ठेवावी. हार्ड डिस्क आज ना उद्या बिघडणारच. आजीचा आवाज मात्र कोणत्याही वॉरंटीत परत मिळत नाही.

एसएमपीएस : डब्यातला खरा भागीदार

अनेक स्वस्त कॅबिनेटांबरोबर एसएमपीएस ‘फुकट’ मिळतो. वाचकांनी या फुकटपणापासून सावध राहावे. संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज याच पेटीतून मिळते आणि ती बिघडताना इतरांनाही बरोबर घेऊन जाऊ शकते.

२००४ साली सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या प्रमाणपत्राचा अर्थ असा, की निर्धारित भारांवर हा एसएमपीएस घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकाला पोहोचवतो. उरलेली उष्णता होते. समजा, संगणकाला ५० वॅट हवे आहेत. ६५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून सुमारे ७७ वॅट घेतो. ८२ टक्क्यांचा सुमारे ६१ वॅट. फरक १६ वॅटचा. रोज पाच तास वापर धरल्यास वर्षाला सुमारे २९ युनिट वाचतात. ८ रुपये दर धरला तर ही बचत २३० रुपयांच्या आसपास. रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी नाही. परंतु तेवढी १६ वॅट उष्णता डब्यात निर्माणच होत नाही आणि ती बाहेर काढण्याचा आवाजही होत नाही, हा खरा लाभ.

क्षमतेच्या आकड्यालाही भुलू नये. ६० वॅटच्या कामासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस घेणे म्हणजे दोघांच्या प्रवासासाठी बस भाड्याने घेण्यासारखे आहे. ३०० ते ४५० वॅटचा, प्रमाणित, १२० मिलिमीटर पंख्याचा आणि तीन किंवा अधिक वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस पुष्कळ झाला. घरात इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन लहरींचा आहे का, हे पाहावे. चौकोनी लहरींवर काही एसएमपीएस गुणगुणू लागतात, तर काही संगणक बंद पाडतात. तीन पिनांचा प्लग आणि योग्य अर्थिंग यांबाबत तडजोड नको. धातूच्या डब्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर दोष अर्थिंगचा असण्याचा संभव अधिक; इलेक्ट्रिशियनला तत्काळ दाखवावे.

पैशांची वाटणी

खर्चाचा निर्णय एकूण रकमेपेक्षा तिच्या वाटणीवर अधिक अवलंबून असतो. दर शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, कॅबिनेट व एसएमपीएस मिळून ९,००० रुपये खर्चण्याची तयारी आहे.

पहिला प्रस्ताव असा : सारी रक्कम एका देखण्या आडव्या कॅबिनेटवर खर्चावी आणि एसएमपीएस जुना किंवा मिळेल तो वापरावा. दुसरा प्रस्ताव असा : ३,००० रुपयांचे मजबूत, साधे, जाळीचे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट; ३,५०० रुपयांचा प्रमाणित एसएमपीएस; १,४०० रुपयांचे दोन दर्जेदार १२० मिलिमीटर पंखे; ३०० रुपयांचे रबर वॉशर व धूळरोधक. एकूण ८,२०० रुपये, शिल्लक ८००. पहिल्या प्रस्तावात पाहुण्यांची वाहवा मिळेल, दुसऱ्यात घरच्यांना शांतता मिळेल. कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जदाराच्या घराच्या रंगापेक्षा परतफेडीच्या आधाराकडे पाहतो. कॅबिनेटच्या बाबतीतही हीच दृष्टी उपयोगी पडते.

तिसरा प्रस्तावही विचारात घ्यावा. ज्यांचा संग्रह लहान आहे त्यांनी कॅबिनेटच्या फंदात न पडता तळहाताएवढा तयार ‘मिनी पीसी’ घ्यावा. इंटेलने २०२३ साली आणलेल्या ‘एन-१००’ प्रोसेसरची उष्णता-मर्यादा केवळ ६ वॅट आहे आणि त्यावर आधारित, मुळीच पंखा नसलेले संगणकही मिळतात. मात्र लहान पंखा असलेले काही मिनी पीसी भार वाढताच चिरकू लागतात आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क त्यांच्या पोटात मावत नाहीत. त्याच्या पॉवर ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह असल्याची खात्री करून घ्यावी.

हप्त्यांविषयी दोन शब्द. ‘शून्य टक्के व्याज’ असा फलक दिसला की ग्राहक सुखावतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात, शून्य टक्के व्याज असे काही वस्तुतः नसते, ते अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल केले जाते, असा अभिप्राय स्पष्टपणे व्यक्त केला होता. तेव्हा रोखीने तीच वस्तू केवढ्याला मिळते, हे आधी विचारावे. इतक्या लहान रकमेसाठी दोन-तीन महिने थांबून बचतीतून खरेदी करणे अधिक शहाणपणाचे.

उन्हाळा, धूळ आणि खारा वारा

कॅबिनेटांची परीक्षणे पुष्कळदा थंड प्रदेशांत, २०-२२ अंशांच्या खोलीत झालेली असतात. नागपूर, जोधपूर किंवा विजयवाडा येथे मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते. आतील हवा १० अंशांनी तापली की ती ५० अंशांवर जाते. घरगुती वापराच्या बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांची असते. म्हणजे परदेशी लेखकाला निर्धास्त वाटणारी पंखारहित रचना आपल्याकडे काठावर येते. अशा शहरांत एक संथ पंखा अधिक लावणे हिताचे.

दुसरी बाजूही पाहू. चेन्नई वा कोची येथे वर्षातील बहुतेक महिने डोक्यावर सीलिंग फॅन फिरतो. त्याच्या वाऱ्याखाली संगणकाचा हलका आवाज ऐकू येतच नाही. तेथे अखेरच्या चार-पाच डेसिबलसाठी हजारो रुपये मोजणे व्यर्थ. शिमला, शिलाँग किंवा डिसेंबरातील बंगळूर येथे पंखा बंद असतो, खोली निःशब्द असते आणि बारीकशी घरघरही कानाला लागते. तेथे चांगल्या पंख्यांवर केलेला खर्च सार्थकी लागतो. शांतता विकत घेताना आपल्या घरातली मूळ शांतता किती, हे आधी पाहावे.

मुंबई, गोवा, विशाखापट्टणम अशा समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या दमट हवेने पत्रा गंजतो. आतील बाजूही रंगवलेले कॅबिनेट तेथे अधिक टिकते. दिल्ली-जयपूरकडे प्रश्न धुळीचा. धूळरोधक महिन्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. धूळ साचली की हवा अडते, पंखे वेग घेतात आणि पहिल्या दिवशी शांत असलेला संगणक वर्षभरात कुरकुरू लागतो. हार्ड डिस्क चालू असताना वा पाठोपाठ संगणक हलवू नये, हेही ओघाने आलेच.

दुकानात काय पाहावे?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याचा चांदनी चौक. बाजार कोठलाही असो, पुढील गोष्टी समक्ष पाहाव्यात.

१. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि प्रोसेसरच्या पंख्याची उंची यांची मापे कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावीत.

२. पुढे १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा बसवण्याची सोय आहे का, हे पाहावे.

३. पंखे शक्यतो चार पिनांचे घ्यावेत. त्यांचा वेग मदरबोर्डच्या बायोसमधून तापमानानुसार कमी-जास्त करता येतो.

४. पंख्याचे बेअरिंग विचारावे. साधे ‘स्लीव्ह’ बेअरिंग आडव्या पंख्यात लवकर झिजते व खरखरते. ‘फ्लुइड डायनॅमिक’ बेअरिंग अधिक काळ शांत राहते.

५. झाकण, पत्रा, कडा आणि धूळरोधक हाताने तपासावेत.

६. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी असते. दुकानातील गोंगाटात सारेच पंखे शांत वाटतात. म्हणून परतीची व बदलून देण्याची मुदत आधी विचारून घ्यावी.

७. कर धरून पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी कॅबिनेटची किती व एसएमपीएसची किती, हे त्यावर लिहून घ्यावे.

घरात एखादे जुने, जाड पत्र्याचे कॅबिनेट माळ्यावर पडलेले असेल तर नवे घेण्यापूर्वी त्याच्याकडे एकवार पाहावे. एटीएक्स हे माप १९९५ पासून चालत आलेले असल्याने आजचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड त्यात बहुधा बसतो. जुना एसएमपीएस मात्र काढून टाकावा, नवे पंखे लावावेत, रबर वॉशर घालावेत. हजार-दीड हजार रुपयांची कॅबिनेटची किंमत त्यात वाचतेच; शिवाय जुना पत्रा पुष्कळदा नव्यापेक्षा भक्कम निघतो.

खरेदीचा क्रम थोडक्यात सांगायचा तर : कमी उष्णतेचा प्रोसेसर, प्रमाणित एसएमपीएस, मोठे व संथ पंखे, मोकळी जागा आणि सर्वांत शेवटी कॅबिनेटचे रूप. या क्रमाने गेले तर माफक खर्चातही असा संगणक उभा राहतो, की तो चालू आहे हे त्याच्या लहानशा दिव्यावरूनच कळावे. मग पडद्यावर जुन्या चित्रणातील घर, अंगण आणि माणसे दिसू लागतील, त्यांचे आवाज जसे होते तसे ऐकू येतील; आणि संगणकाची आठवणही कोणाला होणार नाही.